धागा: वौनानांच्या टोपल्या (विणलेल्या नव्हेत, शिवलेल्या)

रानजाई

गेल्या दिवाळीत आई इकडे पनामाला येऊन गेली. शहराच्या बाल्बोआ भागात जुन्या वायएमसीएच्या इमारतीत हस्तकलेचा बाजार आहे. तिथं तिनं आमटीच्या वाटीएवढी एक टोपली उचलली आणि मला किंमत विचारायला लावली. साठ, असं उत्तर आलं. इथं व्यवहार अमेरिकन डॉलरमध्ये चालतो. आईनं मनातल्या मनात रुपये केले आणि चटका बसल्यासारखी टोपली खाली ठेवली. "एवढ्यात बुरुडआळीतली सगळी सुपं येतील!" हे मराठीत, पण भर बाजारात आणि खड्या आवाजात. विकणाऱ्या बाईंना भाषा कळली नसली तरी भाव नक्की कळला.

तर हा धागा म्हणजे आईला दिलेलं उत्तर आहे. तेव्हा देता आलं नाही, कारण मलाही काही माहीत नव्हतं. त्यानंतर मी एका वौनान मावशींकडे शनिवारी जायला लागले. आठ महिने झाले. मला काय येतं ते शेवटी सांगते, हसू नका.

वौनान हे पनामाचा दारिएन प्रांत आणि कोलंबियाचा चोको, अशा दोन्हीकडच्या जंगलातले लोक. मूळ वस्ती कोलंबियातल्या सान हुआन नदीकाठची. 'वौनान' म्हणजे नुसतं 'माणसं'. पनामात २०१० च्या जनगणनेत ते सात हजारांच्या थोडे वर होते. शेजारचे एंबेरा त्यांच्या कितीतरी पट. त्यामुळे दोघांचं नाव जोडीनंच घेतलं जातं आणि वौनान नेहमी दुसरे येतात. १९८३ साली मिळालेल्या स्वायत्त प्रदेशाचं नावही 'कोमार्का एंबेरा-वौनान'. भाषा मात्र वेगळी. मावशींना कुणी एंबेरा म्हटलं की त्या सुई थांबवून वर बघतात.

आता मुख्य मुद्दा. मी इतके दिवस 'टोपली विणतात' म्हणत होते. यात विणकाम नाहीच. उभं-आडवं काही नसतं. बायका डोक्यावर हंड्याखाली चुंबळ ठेवतात ना, तशी बारीक, पेन्सिलीच्या शिशाएवढी लांबच लांब चुंबळ डोळ्यांपुढे आणा. ती गोल गोल फिरवत न्यायची आणि प्रत्येक वेढा खालच्या वेढ्याला सुईनं शिवत जायचं. म्हणजे हे शिवणकाम. धागा ताडाचा, गाभा दुसऱ्या झाडाचा, आणि बाहेरून गाभ्याचा मागमूसही दिसता कामा नये. दिसला तर मावशी नखानं त्या जागेवर टकटक करतात. बोलत नाहीत.

धाग्याच्या ताडाला इथं चुंगा म्हणतात, कोलंबियात वेर्रेगे. खोडावर बोटभर लांब काळ्या काट्यांची कडी एकावर एक चढलेली असतात. झाडाला मिठी मारायची सोय नाही. मधला न उघडलेला कोंब काढतात, त्याच्या पट्ट्या सुट्या करतात, काटे खरवडतात आणि प्रत्येक पट्टीचा वरचा पापुद्रा सोलून घेतात. तो धुऊन उन्हात टाकला की हिरवा रंग उडून सायीसारखा होतो. मग नखानं चिरत चिरत केसाएवढा बारीक करायचा. मला तीन चिरा जमतात, चौथ्याला तुटतो.

गाभ्याची पानं नाहुआलाची. दिसायला ताड, पण वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो ताडच नाही, वेगळ्या कुळातला आहे. गंमत म्हणजे 'पनामा हॅट' याच्याच पानांची होते, आणि ती हॅट पनामाची नसून इक्वेडोरची आहे. जिच्यावर पनामाचं नाव ती इथली नाही, आणि जी खरी इथली तिचं नाव कुणाला ठाऊक नाही. टोपलीला वौनान भाषेत 'होसिग दि' म्हणतात. उच्चार मला अजून नीट येत नाही.

नक्षी कुठंही काढून ठेवलेली नसते. कागद नाही, खुणेचा दोरा नाही. बूड हातभर अंतरावर धरून मावशी काही वेळ नुसत्या बघतात, मग रंग बदलतात. तळाशी घेतलेला एक टाका पाच महिन्यांनी वरच्या फुलाच्या पाकळीला बरोबर येऊन मिळतो. लहान टोपलीला काही आठवडे, मोठीला वर्षभर किंवा जास्तही लागतं, आणि तेही स्वयंपाक, शेत, पोरंबाळं सांभाळून. साठ डॉलरला आठवड्यांनी भागून बघा. मी भागलं, आणि आईला व्हॉट्सॅप करायचं राहूनच गेलं.

माझी प्रगती: चहाच्या बशीएवढं एक बूड. मध्ये टेंगूळ आहे, कारण सुरुवातीचे वेढे मी फार आवळले. मावशी म्हणाल्या, टोपी म्हणून वापर.

कोकणातल्या, देशावरच्या लोकांनी लिहा. वेढ्यावर वेढा शिवून केलेली टोपली आपल्याकडे कुणी पाहिली आहे का?

दर्यावर्दी_काका

अगं, आमच्याकडे आहे की एक! १९९६, जहाज पनामातल्या क्रिस्टोबाल बंदराला लागलं होतं. कालवा अजून अमेरिकनांच्या ताब्यात होता तेव्हा. धक्क्याबाहेर एक बाई फडकं पसरून बसल्या होत्या. पंधरा डॉलर सांगितले, मी दहा म्हटलं, बाराला दिली. मोठा तीर मारल्यासारखं वाटलं होतं. तुझं लिखाण वाचून आता जरा लाजच वाटतेय.

आमची ही गेली पंचवीस वर्षं तीत लसूण ठेवते. ओट्याच्या कडेला, खिडकीत. तिला हा धागा दाखवला नाहीये अजून.

चिकट_प्रश्न

लेख आवडला. तरी एक शंका. गुगलवर फोटो बघितले तर टूकन पक्षी, जास्वंद, फुलपाखरं, बेडूक. हे 'पारंपरिक' कसं? रानात राहणारा माणूस धान्य ठेवायच्या टोपलीवर टूकन कशाला काढेल? उघड उघड पर्यटकांसाठीचा माल दिसतोय. विकायला हरकत नाही, पण मग परंपरा वगैरे म्हणू नये.

रानजाई

काका, लसणाचा वास गेला नाही तरी चालेल, पण ती ओट्यावरून हलवा!

चिकट_प्रश्न, शंका रास्त आहे आणि निम्मी बरोबरही. जुन्या टोपल्या साध्या, जाड वेढ्यांच्या, बिनरंगी असत. धान्य, बी-बियाणं, घरातलं किडुकमिडुक ठेवायला. आज दिसणारं बारीक रंगीत काम १९८० च्या दशकात बाहेरचं गिऱ्हाईक मिळाल्यावर फुललं. म्हणजे चाळीसेक वर्षांचं. टूकन आणि जास्वंद त्यानंतर आले, हे मावशी स्वतःच सांगतात. त्यात त्यांना लपवण्यासारखं काही वाटत नाही.

पण त्रिकोण, नागमोडी रेघा, जिने अशी जी भौमितिक नक्षी आहे ती जुनी. ती मुळात टोपलीवरची नाहीच, अंगावरची आहे. जाग्वा नावाच्या फळाच्या रसानं हे लोक अंग रंगवतात. रस लावताना पाण्यासारखा दिसतो, काही तासांत निळाकाळा होतो आणि दहा-बारा दिवस टिकतो. ती चामडीवरची नक्षी धाग्यात उतरली. आता हिला जुनी म्हणायचं की नवी?

अवनी_डहाणू

चिकट_प्रश्न, आमच्याकडची वारली घ्या. लग्नघरातल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं चौक लिहायच्या. 'काढायच्या' नाही, 'लिहायच्या'. भिंत शेणामातीची, चित्राचं आयुष्य लग्नापुरतं. सत्तरच्या दशकात कागद आला, जिव्या सोमा म्हसे यांच्यासारखे चित्रकार पुढे आले, प्रदर्शनं लागली. आज कागदावरच्या वारलीत आगगाडी असते, विमान असतं. म्हणून ती वारली नाही असं म्हणणार का?

मात्र एक फरक मला टोचतो. वारली भिंतीवरून कागदावर आली तशी बायकांच्या हातून बरीचशी पुरुषांच्या हातात गेली. तिकडे पैसा आल्यावर काय झालं? टोपल्या अजून बायकाच करतात का?

चिकट_प्रश्न

वारलीचा मुद्दा मान्य. विमानाचा नाही. विमान मला अजूनही खुपतं.

रानजाई

अवनी, भारी प्रश्न. टोपल्या अजून बायकांच्याच. पुरुष कोकोबोलो नावाच्या लाकडाचं कोरीव काम करतात, आणि तागुआचं. तागुआ म्हणजे एका ताडाचं बी, वाळलं की हस्तिदंतासारखं पांढरं आणि टणक होतं, त्यातून अंगठ्याएवढे बेडूक-कासवं कोरतात. कोंब आणायला रानात जाणं, ओझं वाहणं यात घरातले पुरुष असतात. मुलगेही कधीमधी सुई हातात घेतात. पण टोपली कुणाची असं विचारलं की बाईचंच नाव येतं, आणि पैसेही तिच्याच हातात जातात, निदान मी पाहिलेल्या घरात तरी. मावशींनी थोरल्या मुलीची शाळेची फी एका मोठ्या टोपलीतून भरली. ती टोपली चौदा महिने चालली होती.

हिरडा_बेहडा

मी कापड-रंगाईचं शिकवते, त्यामुळे माझं लक्ष रंगांवर. रानजाई, तुम्ही रंगांना चार ओळीही दिल्या नाहीत, हा अन्याय आहे. काळा कशाचा? पिवळा कशाचा? लिहा लवकर.

रानजाई

माफी! लिहिते.

काळा रंग दोन टप्प्यांत. आधी कोकोबोलोच्या लाकडाचा भुसा आणि ढलप्या पाण्यात उकळून त्यात धागा टाकायचा, तो तांबूस-तपकिरी होतो. मग तोच धागा काळ्या चिखलात पुरून ठेवायचा. बाहेर काढून धुतला की काळाभोर. नारिंगी-लाल आचिओतेच्या बियांचा. आपल्याकडे शेंदरी म्हणतात तेच झाड.

आणि पिवळा. पहिल्यांदा गेले तेव्हा मावशींनी एक कंद खलबत्त्यात ठेचायला दिला, नाव सांगितलं 'युकिया'. दोन घाव घातले आणि वास आला. मी तिथंच थांबले. हळद! आपली हळद, सांगलीच्या पेठेत असते तीच. इथं ती स्वयंपाकात फारशी नाही, धागा रंगवायला. मी खूण करून सांगितलं की आम्ही ही खातो आणि लग्नात अंगाला लावतो. मावशींना लावण्याचं पटलं, खाण्याचं नाही.

हिरडा_बेहडा

आता झोप येणार नाही मला. चिखलाचं गुपित असं: लाकडातलं टॅनिन धाग्यात मुरतं, चिखलातलं लोह त्याला भेटतं आणि दोघं मिळून काळा रंग धरतात. तो धुऊन जात नाही. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांची जी जोडी, तीच ही. काही पोथ्यांची काळी शाई आणि कापडावरचा काळा रंग याच तत्त्वावर व्हायचे. समुद्रापलीकडे कुणीही न सांगता बायकांनी तेच शोधलं, कारण टॅनिन आणि लोह दोन्हीकडे सारखंच वागतं.

हळदीचं मात्र एक सांगते. हळदीचा रंग पटकन चढतो आणि उन्हात तितकाच पटकन उतरतो. हळदीच्या हाताचं बोट लागलेली साडी उन्हात वाळत घातली की डाग जातो, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. तेव्हा पिवळी नक्षी असलेली टोपली खिडकीत ठेवू नये. दर्यावर्दी काका, ऐकताय ना?

आणखी एक. सागाची कोवळी पानं ते वापरतात का हो? तळहातावर चोळली की हात लाल होतात, लहानपणचा खेळ आमचा.

रानजाई

हो! सागाच्या पानांचाही लालसर रंग काढतात. साग इथला नाही, लागवडीत बाहेरून आणलेला. झाड परकं असलं तरी बायकांनी पान चोळून बघितलंच.

माणगाव_खोरे

मी कुडाळकडचा. वेढ्यावर वेढा शिवलेली टोपली आमच्याकडे पाहिलेली नाही. आमच्याकडे सगळं बांबूचं, उभे-आडवे बेळ घालून. सूप, रोवळी, डालगं, हारा. झाप माडाचे. केतकीच्या पानांच्या चटया आजी करायची, पण त्याही विणलेल्याच. चुंबळीची उपमा चपखल.

मला दुसरंच विचारायचं आहे. तुम्ही म्हणता मधला कोंब काढतात. माडाचा मधला कोंब गेला की माड गेला. आमच्याकडे सोंड्या भुंगा कोंबात शिरला की घरात सुतक लागल्यासारखं होतं. मग दर टोपलीमागे एक चुंगा मरतो का?

रानजाई

दादा, याच प्रश्नाची वाट बघत होते.

न उघडलेलं एक पान काढलं म्हणून झाड मरत नाही. आतला वाढीचा कोंभ शाबूत राहिला तर पुढचं पान येतं. मी वर 'कोंब' लिहिलं ते ढोबळ होतं, चूक माझी. पण झाड उंच, चढायला काटे, त्यामुळे पूर्वी सोपा मार्ग म्हणजे झाडच आडवं करणं. एका पानासाठी अख्खा ताड. टोपल्यांना भाव आला तशी गावाजवळची झाडं संपत गेली आणि बायकांना धाग्यासाठी लांब लांब जावं लागायला लागलं. त्यावर उपाय म्हणून लांब काठीला चंद्रकोरीसारखं पातं लावून खालूनच पान कापतात. त्याला 'मेदिया लुना' म्हणतात, म्हणजे अर्धचंद्र. कोलंबियात वेर्रेगेसाठी याचा बराच प्रसार झाला. इकडे काही गावांनी घराभोवती चुंगा लावायला सुरुवात केली आहे. पण लावलेला ताड पान देण्याजोगा व्हायला बरीच वर्षं जातात, आज लावला आणि उद्या सुई ओवली असं होत नाही.

कोकोबोलोची गोष्ट त्याहून वाईट. आपल्या शिसवाच्याच प्रजातीतलं झाड, डालबर्जिया. लाकूड तांबडं, जड, आणि चीनच्या फर्निचर बाजारात सोन्याच्या भावानं जाणारं. चोरटी तोड इतकी वाढली की २०१३ मध्ये ते सायटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेलं, म्हणजे परवान्याशिवाय निर्यात बंद. त्याआधी २०१२ मध्ये तोडीवरून झालेल्या झटापटीत एका वौनान पुढाऱ्याचा जीव गेला. बरीच वौनान गावं कोमार्काच्या हद्दीबाहेर आहेत. त्यांच्या सामूहिक जमिनीसाठी २००८ मध्ये ७२ क्रमांकाचा कायदा झाला, पण कायदा होणं आणि हातात कागद पडणं यातलं अंतर आपल्या वनहक्कवाल्यांना सांगायला नको. आणि लक्षात घ्या, टोपलीचा काळा रंग याच लाकडाच्या ढलप्यांचा. झाड गेलं की नक्षीची रेघ गेली.

माणगाव_खोरे

आमच्याकडे बांबू आहे, पण बुरूड उठले. मुलगा गोव्यात हॉटेलात. बाप म्हणतो, प्लॅस्टिकचं सूप साठला मिळतं, माझं कोण दोनशेला घेणार? तुझ्या आईचा साठचा हिशेब वाचून तेच आठवलं. ती रागावली तर सांग, मीपण भाव पाडूनच घेतलं होतं.

चिकट_प्रश्न

शेवटचा प्रश्न, खरंच शेवटचा. साठातले करणारीला किती मिळतात?

रानजाई

तिच्याकडून थेट घेतली तर साठ. मधे माणूस आला की कमी. शहरातल्या एका हॉटेलच्या दुकानात मावशींच्या गावच्या कामासारखीच टोपली तिप्पट किमतीला पाहिली. चिठ्ठीवर फक्त 'हस्तकला, पनामा'. करणारीचं नाव नाही, गावाचं नाही, वौनान हा शब्दसुद्धा नाही. मी काउंटरवर विचारलं तर मुलगी म्हणाली, "इंडियन लोक करतात." मी म्हटलं, मी पण इंडियन आहे, मला तर येत नाही. तिला विनोद कळला नाही. भाषांतरात गेला.

चांगली कशी ओळखायची तेही सांगून ठेवते, कुणी इकडे आलंच तर. आतून बोट फिरवा: टाके एका उंचीचे लागले पाहिजेत, कुठं गाठ नको. आत आणि बाहेर दोन्हीकडे काम सारखं स्वच्छ हवं. प्रकाशासमोर धरा, उजेड झिरपला तर टाका सैल. आणि भाव करायचाच असेल तर काकांसारखा करू नका.

दर्यावर्दी_काका

काकांनी वाचलं हो सगळं.

काल रात्री लसूण काढून टोपली रिकामी केली. स्टीलच्या डब्यात लसूण गेला म्हणून घरात चौकशी झाली, तेव्हा धागा वाचून दाखवावा लागला. बारा डॉलरवर आमच्या हिनं जो चेहरा केला तो इथं टाइप करता येत नाही.

मग मऊ ब्रशनं झटकून टेबलावरच्या दिव्यासमोर धरली. उजेड कुठंही झिरपत नाही. बूड बघत होतो. बाहेरून मला ही टोपली कायम पांढरी आणि काळी वाटत आली, काळे त्रिकोण आणि मधे मळकट पांढरे पट्टे. उलटी केली तर तळाशी, जिथं ती पंचवीस वर्षं ओट्यावर टेकलेली होती, तिथं ते पट्टे पिवळे आहेत. लख्ख पिवळे. हिनं वास घेतला, म्हणाली लसणाचाच येतोय.

वेढे मोजायला घेतले होते. चाळीसपर्यंत गेलो, मग चष्मा काढून ठेवला. उद्या सकाळच्या उजेडात बघतो. रानजाई, तळाचा फोटो टाकतो तुला, मावशींना दाखव.

रानजाई

दाखवते काका. शनिवारी. बाराचं सांगणार नाही.